शेजारी

ग्रिम्सबीत, वाचनालयाच्या वरच्या खोलीत,
मंगळवारी संध्याकाळी सात वाजता
ग्लेनिस बाई कप उचलतात.
कप टेबलावर. कप टेबलाखाली.
कप, हे बघा, माझ्या डोक्यावर.
मासळीच्या कारखान्यातून आलेले नऊ जण हसतात,
हातांना अजून कॉडचा वास.

टेस्फालेम वहीत लिहितो:
या भाषेत आधी 'खाली' येतं,
कशाच्या खाली, ते मागाहून.
तेवढा क्षणभर माणूस
नुसताच खाली असतो.

मग एकदा बाई बोलता बोलता म्हणाल्या,
नवरा सध्या डॉक्टरखाली आहे.
त्याने चित्रच काढलं: पलंग, त्यावर जाडजूड डॉक्टर,
तळाशी चपटा झालेला म्हातारा.
बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या.
"औषध चालू आहे रे, एवढंच."

त्यानंतर त्याला दिसू लागलं,
रासा नोटिशीवर उभी आहे,
अब्दूचा अर्ज वर्षभर हवेत आहे,
मुकादम सकाळपासून कशाच्या तरी काठावर.
टेबलाजवळ असं कुणी नव्हतंच.

मार्चमध्ये दोन मंगळवार वर्ग झाला नाही.
जिन्यात रखवालदार नॉर्मन, टोपी हातात:
नवरा गेला.
बाई स्वतःच्या शेजारी आहेत.

टेस्फालेमने शब्दकोश उघडला नाही.
तिसऱ्या मंगळवारी तो लवकर आला,
फळा पुसला, कप विसळला,
आणि बाईंच्या खुर्चीला लागून
आणखी एक खुर्ची ठेवली.