बादलीतली नर्मदा

आज नर्मदा आली. दिवसाआड येते,
पहाटे पाच ते सहा, आणि अर्धी हवाच.
हिरवी बादली काठोकाठ भरून घेतली
आणि इक्रामभाईंचा मासा सोडला तिच्यात:
बोटभर, जांभळट, रबरी,
शेपटीला वल्ह्यासारखं पातं.

इक्रामभाई जुनी इंदूरच्या एका बोळात
चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या ओतत आले.
आता त्याच प्लास्टरच्या साच्यांत मासे ओततात.
म्हणतात, तेव्हा चावायला बनवायचो,
आता चावून घ्यायला. फरक काय?

मासा सरळ तळाला गेला
आणि कुशीवर पडून राहिला, रविवारच्या माणसासारखा.
मी फोन लावला: मीठ जास्त झालंय.
ते म्हणाले, भिया, मिठाशिवाय मरळ तोंडात धरत नाही,
थुंकून टाकते.
मग अळणी घातलेला दुसरा काढला.
गळ टोचूनही तो बुचासारखा वरच,
पाठ कोरडी.

आता माझं काम.
सराफ्यात सतरा वर्षं मी काट्यावर बसतो,
झांझरी शेठच्या काचेच्या पेटीपाशी,
जिथं श्वास सोडला तरी आकडा हलतो.
दुपारच्या रिकाम्या तासाला
शिशाची तार तोलून आणली होती,
दोन गुंजा, वर थोडी.
कागदाच्या पुडीत, खऱ्या मालासारखी.

पण किती, हा अर्धाच प्रश्न.
कुठं, हा उरलेला.
डोक्यात खुपसली तर मासा नाक खाली करून उभा राहतो,
फरशीवर टाचणी शोधणाऱ्या बाईसारखा.
शेपटीत घातली तर छताकडे बघत बसतो.
सुई तापवली, पोटाशी,
गळाच्या वाकणामागं एक तांदूळभर जागा सोडून
तार आत सारली,
भोक बोटानं दाबून बुजवलं.

आणि तो थांबला.
वर नाही, खाली नाही,
बादलीच्या बरोबर मध्ये, आडवा,
शेपटी मात्र हलतेय, माझ्या हाताचं पाणी अजून शांत व्हायचंय म्हणून.

सुनीती साबणाचा डबा घेऊन दारात उभी.
हा पडत का नाही?
पडतोय, म्हटलं, पण पाणी तेवढंच उचलतंय.
ती क्षणभर बघत राहिली, खरंच बघत राहिली,
मग म्हणाली, काढ त्याला,
मला चादरी भिजवायच्यात.

रविवारी यशवंत सागर.
पलीकडच्या चिखलात सारसांची जोडी,
इक्रामभाईंच्या थर्मासमधला चहा, पोह्यांची पुडी.
फेकला. दोरी सैल सोडली.
आणि माझा मासा
नाक खाली करून, सावकाश, बुडत गेला.

काठावरच्या स्वच्छ उथळ पाण्यात पुन्हा सोडून पाहिला.
तेच.
इक्रामभाई दोरीच्या टोकाकडे बघत होते.
क्लिप, ते म्हणाले.
तोंडाला अडकवलेली पोलादी क्लिप,
ती बादलीत कुठं होती?

बायकांच्या पोतीतल्या दोऱ्याचं वजन वजा करणारा मी,
बांगडीतल्या लाखेचं, खड्यामागच्या वर्खाचं,
गिऱ्हाइकाशी रत्तीवरून भांडणारा मी.

तार टोकाशी ओढून काढली.
नेलकटरनं तिचा शेंडा कापला, नखाएवढा,
आणि उरलेली शेपटीकडे
अर्धा तांदूळ सरकवून बसवली.
हा हिशेब डोळ्यांनी केला, काट्यानं नाही.

थांबला.
या वेळी गंभीर नदीच्या पाण्यात,
क्लिपसकट, दोरीसकट, वाऱ्यासकट.
शेवाळाखालून एक काळी लांबट सावली आली,
त्याच्याएवढीच स्थिर झाली,
दोघं एकमेकांकडे बघत राहिले.
मग ती गेली.
आम्ही बोललो नाही.

कापलेला तो शेंडा गवतात कुठंतरी पडला.
सराफ्यात एवढं सांडलं असतं
तर न्यारियाला बोलावून फरशी झाडली असती,
केर धुतला असता, राख चाळली असती.
इक्रामभाई म्हणाले, शोधतोस काय?
म्हटलं, काही नाही,
चहा उरलाय का?