दोनास एक

पाणी उकळलं की गॅस बंद, मग साखर. आधी नाही.
अलीतुसच्या इस्पितळातून
झेनोनासचा आवाज खरखरत येतो:
दोनास एक, डोमित्सेले,
दोन किलोला एक लिटर,
आणि तार येऊ देऊ नकोस,
तार आलेला पाक त्यांना बाधतो.

चाळीस वर्षं मी मुरंबे केले,
सफरचंदांचे, रानातल्या निळ्या बेरींचे.
हात सवयीचा गुलाम. गॅस चालूच ठेवून
त्यानं चमचा उचलला, थेंब बशीत पाडला,
चिमटीत धरून ताणला.
तार आली. रंगही आला, चहाचा.
म्हणजे बिघडलं.

"जमलं का?"
"जमलं," मी म्हणाले.

पहिलं पातेलं शेजारच्या पोराच्या टॉफीला गेलं.
कपाटातली उरलेली चार किलो
क्रॅनबेरीसाठी राखली होती.
खाऊ यंदा आंबटच.

दुसऱ्यांदा गॅस बंद केला आणि ढवळत राहिले.
तळाशी साखर करकरते,
मग करकर थांबते.
हे बघून कळत नाही, ऐकावं लागतं.
हे त्यानं सांगितलं नव्हतं.

आमच्या भाषेत जनावराच्या मरणाला एक शब्द,
माणसाच्या मरणाला दुसरा,
आणि मधमाशीला माणसाचाच.
पेटीच्या उंबऱ्यावरून झाडताना तो म्हणायचा,
"वारल्या बिचाऱ्या", आणि मी हसायचे.
काल फोनवर म्हणाला,
शेजारच्या खाटेवरचा म्हातारा पहाटे वारला.
आणि त्याच श्वासात:
तिसऱ्या पेटीपुढे किती वारल्या?
मी मोजल्या नव्हत्या.
अकरा, म्हणाले.

द्यायचं ते तिन्हीसांजेला. उजेडी दिलं तर
दुसरीकडच्या माश्या लुटायला येतात.
काकडीच्या जुन्या बरण्या, झाकणांना खिळ्यानं भोकं.
उपडी केली की चार थेंब गळतात,
मग काच आपला श्वास धरते.

पाइनखाली सात पेट्या.
जुलैत लिंडनचा मध निघाला, बावीस बरण्या.
त्यानं काढला, मी विकला, वहीत मांडला.
आता ही साखर कुठल्या रकान्यात लिहू?
खर्च म्हणावं तर लाज वाटते.
परतफेड म्हणावं तर
लिंडन कुठे, दुकानातली पिशवी कुठे.

तिसरी पेटी मी बोटानं वाजवली,
कान लावला. तो लावतो तसा.
आत कुणीतरी दूरच्या खोलीत
शिवणयंत्र चालवत होतं.
येतोय तो, मी म्हणाले,
पाय जरा सुजलेत, एवढंच.
(खरं की खोटं, त्यांना कळत असणार.)

सकाळी फोन केला: दोन बोटं उतरलंय.
पलीकडे खोकला, बराच वेळ.
मग, "कुणाची बोटं?
तुझी की माझी?"
"माझी."
"म्हणजे दीड," तो म्हणाला.