अर्धा पेला

ऑक्टोबरचा पहिला कडाका पडायच्या आत
इर्याने फुशियाच्या कुंड्या तळघरात नेल्या,
बटाट्यांच्या पेटीशेजारी, पाच अंशांवर,
आणि दारावर खडूने लिहिलं:
महिन्यातून एकदा पाणी. अर्धा पेला.
दया आली तरी जास्त नाही.

मग तिला औलूच्या इस्पितळात नेलं.

मी जन्मभर लाकूडतोड केली.
मला फुलांतलं काय कळतं?
पानं झडली, उरल्या काड्या,
चूल पेटवायला घेतो तसल्या.
डिसेंबरात एकदा पाऊण पेला घातला गेला,
रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

फोनवर ती माझं काही विचारत नाही.
"नखाने खरवडून पाहिलंस?"
"उद्या बघतो."
अख्खा जानेवारी उद्या बघतो.

आज बाहेर उणे एकतीस.
विजेरी दातांत धरून गुडघ्यांवर बसलो.
पहिली काडी तपकिरी, कट्‌कन मोडली.
दुसरीही.
तिसरीला अंगठ्याचं नख लावलं,
करवतीने अर्धं नेलेलं, तेच.
सालीखाली
ओली हिरवी रेघ,
दोऱ्याएवढी.

रात्रीचे अकरा. तरी फोन लावला.
"तिसरी," म्हणालो.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
मग: "लगेच पाणी घालायला धावू नकोस."