गरम झाल्यावर

थंड असताना साठ पौंड.
चर्चला वळसा घालून येईस्तोवर चाळीस.
उरुग्वाय नदीच्या धक्क्यापर्यंत गेलं तर आठ,
आणि मग काटा असा आडवा होतो
की जणू दुपारची जेवून पडलाय.

अनातोलिओ मधवाला हेल्मेट काखेत धरून सांगत होता.
गाडी ट्रायम्फ, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी.
मीटर त्यानं नाताळात हौसेनं बसवला.
त्याआधी तो सुखी होता.

काट्यावर विश्वास ठेवू नये, हा पापांचा पहिला नियम.
म्हणून ट्रॅक्टरवरचं दुसरं मीटर लावलं.
दोन साक्षीदार, एकच जबानी.

मग तेल बदललं, पन्नास नंबरचं, जाडं.
अनातोलिओ म्हणाला, हे मधासारखंच की,
जुलैत चमचा उभा राहतो,
जानेवारीत बरणी कलती करायची सोय नाही.
जाड तेलानं आठाचे अकरा झाले.
अकरा म्हणजे काही नाही.

व्हॉल्व्हची स्प्रिंग मोजली. पुस्तकात आहे तेवढीच.
पंपाच्या दोन्ही गोळ्या तळहातावर फिरवल्या,
कचऱ्याचा एखादा कण मिळेल या लालसेनं.
स्वच्छ होत्या दोघी.
आडात होतं, पोहऱ्यातही होतं,
मधेच कुठं तरी मुरत होतं.

पापा दारात खुर्ची टाकून. आता ते कानानंच बघतात.
"खालून ठोका?"
लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाला.
ठोका नाही.
"मग बेअरिंगं नकोत उघडू.
पंप दाब देत नाही, पोरी. पंप नुसता ढकलतो.
दाब येतो अडवणाऱ्यामुळे.
जिथं कुणी अडवत नाही तिथून सगळं निघून जातं."

हे त्यांनी मला नऊ वर्षांची असताना सांगितलं होतं.
आणि भाऊ माँतेव्हिदेओच्या बसमध्ये चढला
त्या रात्री आईला.
आई म्हणाली होती, मग अडवायचं होतंत.

टायमिंग कव्हर उघडलं.
आतल्या बाजूला, क्रँकचं नाक जिथं घुसतं तिथं
रबराचं सील, मोठ्या बटणाएवढं.
त्याचा ओठ तेलाकडे हवा:
तेल रेटतं तसा तो आणखी मिटतो.
हा ओठ पाठमोरा होता.
थंड, घट्ट तेल कसंबसं दारात थांबायचं,
गरम झालं की सरळ आतबाहेर,
सूर्यफुलाच्या हंगामात आमच्या घरात पाहुणे तसं.

कव्हरच्या कडेला सुईनं कोरलेली तारीख.
ऑगस्ट, तीन वर्षांपूर्वीचा.
अक्षर मी ओळखते. ओळ थोडी खाली घसरलेली.
डॉक्टरकडे जाऊ या म्हणून ते पहिल्यांदा बोलले
तो त्याच्या पुढच्या वर्षीचा मार्च.

नवं सील बसवलं. ओठ बोटानं दोनदा तपासला,
मग पुन्हा एकदा.
इंजिन चालू ठेवून माते भरला, प्यायला, परत भरला.
सिलिंडरवर थुंकी चरचरली तेव्हा
काटा पंचवीसवर, ढिम्म.

"काय निघालं?"
"स्प्रिंग. मऊ पडली होती."

धक्क्यावर कुणाची तरी बोट फटफटत गेली.
पापांनी ती लांब जाईपर्यंत ऐकली.
मग हात पुढे केला, "जुनं सील दे."

अंगठा कडेवरून फिरला, थांबला.
शाफ्टनं घासलेली गुळगुळीत पट्टी त्यांना सापडली,
ती ज्या बाजूला असायला नको त्या बाजूला.
मी फडक्यानं हात पुसत राहिले,
स्वच्छ झाल्यावरही.

सील त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकलं,
चष्मा ठेवायचे त्या.
म्हणाले,
"अनातोलिओकडून पैसे घेऊ नकोस."