मकर : दोन ओळी कमी

गुरुवारी रात्री नवाला उपासनी गुरुजींचा फोन यायचा.
गोलाणी मार्केटच्या तिसऱ्या मजल्यावर
मान वाकडी करून, रिसीव्हर खांद्यात धरून
मी बारा राशी टाइप करायची.
मेषेला मान, वृषभेची येणी वसूल,
मिथुनेने बोलताना जपावे.
गुरुजी किराण्याची यादी सांगावी तसं सांगत,
मध्येच खोकत, मध्येच सुनेला म्हणत,
दूध उतू चाललंय.
एकदा तेही कर्केत टाइप झालं
आणि छापून आलं.
कुणाची तक्रार नाही.

मग वार्षिक पान आलं, 'नोकरी आणि करिअर'.
राशीला अकरा ओळी,
खाली भरती-क्लासची जाहिरात, पैसे आधीच घेतलेले.
गुरुजी डोळ्याच्या ऑपरेशनला धुळ्याला.
त्यांच्या कागदात मकरेच्या नऊच ओळी निघाल्या.
संपादक म्हणाले, भर काहीतरी,
मकरवाले सोशिक असतात.
खिडकीखाली एक पोरगा शटरला वेल्डिंग मारत होता,
भिंतीवर निळा उजेड येत-जात होता.
मी लिहिलं :
लोखंडाशी संबंधित कामात उत्तम योग.
जुनी जागा सोडण्यास हरकत नाही.
बरोबर दोन ओळी. पान गेलं.

मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटत होतं तेव्हा,
एक जण जिना चढून आला.
खेमचंद बोरसे, पारोळ्याकडचा.
खिशातून कात्रण काढलं,
घडीवर फाटलेलं, सेलोटेपने सांधलेलं.
"ताई, हाई लिखनारा गुरुजी कोठे शेतस?
मनी रास मकर शे."

सहा वर्षं एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात,
रात्रपाळी, नाकात वितळलेलं प्लास्टिक.
ते वाचून सोडलं.
अजिंठा रोडला फॅब्रिकेशनच्या दुकानात लागला,
पगार निम्मा.
मी खुर्ची दिली. पाणी दिलं.
वाटलं, आता भांडणार.
त्याच्या हातांवर बारीक काळे डाग होते,
फोडणीतली मोहरी उडावी तसे.
म्हणाला, आता आख्खं गेट एकटा उभं करतो,
परवा एका शाळेचं केलं, वर मोर काढला,
मोराची मान जरा जाड झाली.
"तुमनं लिखेल खरं व्हयनं.
आते धाकला भाऊनं इचारनं व्हतं.
त्यानी रास कुंभ शे."

खरं सांगायला मी तोंड उघडलं
आणि विचारलं, त्याला काय आवडतं?
तो बघत राहिला,
पेपरात धड्याबाहेरचा प्रश्न आल्यासारखा.
"माहित नही," म्हणाला. "कधी इचारेल नही."
पाणी अर्धंच पिऊन गेला.

गुरुजींना आता बारीक अक्षरही दिसतं,
पण सांगायचा कंटाळा येतो.
तूच लिही, म्हणतात, ग्रह काही पेपर वाचत नाहीत.
मग मी लिहिते.
मेष : अर्जावर सही राहिली का, पाहा.
तूळ : नेमणुकीसाठी पैसे मागणाऱ्याचा
गुरू कितीही बलवान असो, देऊ नका.
वृश्चिक : पुण्याला निघण्याआधी खोलीचं भाडं विचारा.
मीन : भरतीसाठी पळायचं तर पहाटे,
मेहरूण तलावाच्या कडेने. उन्हात नको.

माझी स्वतःची रास मला ठाऊक नाही.
आई सांगायची, भुसावळच्या दवाखान्यातलं
घड्याळ त्या दिवशी बंद होतं,
आणि तारखेवरून नर्सचं नि बापाचं जमत नव्हतं.
म्हणून मी सगळ्या राशी वाचते,
पगारवाढ जिथे असेल ती माझी.

कुंभेपाशी मात्र अडतं.
कर्सर लुकलुकत राहतो.
धाकट्याचं नाव विचारायचं राहिलं.
या आठवड्यात एकच शब्द टाकला : विचारा.
उरलेल्या जागेत क्लासची जाहिरात वर ओढली.
क्लासवाल्यांचा फोन आला, आभार मानायला.