साडेचार इंच

भोसरीच्या शॉपमध्ये मी दिवसभर
व्हर्नियर घेऊन बसतो.
मापात केसभर इकडेतिकडे झालं
की पीस लाल पेटीत.
तिथे गयावया चालत नाही.

आणि त्या रविवारी विमाननगरच्या मॉलमध्ये
गुडघ्याला फाटलेली, मांडीवर घासलेली,
खिशाचा दोरा लोंबणारी जीन्स
काचेत उभी, खालून दिवा लावलेला.
नऊ हजार चारशे नव्याण्णव.
मी सवयीनं लाल पेटी शोधली.

फाटकी नाही घेतली. एवढी अक्कल शिल्लक होती.
शेजारची घेतली, धड, गडद निळी,
किंमत तीच,
म्हणजे फाडायची मजुरी वेगळी लावत नाहीत.
विकणारा पोरगा म्हणाला,
सर, सहा महिने धुवायची नाही.
शेहेचाळिसाव्या वर्षी
कुणीतरी मला पहिल्यांदाच सांगत होतं
की न धुणं हाही दर्जा असतो.
मी म्हटलं, बरं.
बोनस आला होता. दुसरं कारण नाही.
वैजूला घरी तीन हजार सांगितले,
तर तीही म्हणाली,
तीन हजार?

लांबीचं मात्र असं, की हे कापड जिथे कुठे बेततात
तिथली माणसं विजेच्या खांबाएवढी असणार.

दापोडीत जिन्याखाली रणपिसे काकूंची मशीन.
टेप लावून म्हणाल्या, साडेचार इंच जाणार.
मी तिथेच हिशेब केला:
बेचाळिसातले साडेचार
म्हणजे एक हजार अठरा रुपये
आता चिंध्यांत पडणार.

"मूळची पट्टी परत लावायची तर ऐंशी. साधी दुमड चाळीस."
फरक दिसतो का?
"कळणाऱ्याला कळतो."
मॉलमध्ये मुकाट कार्ड पुढे केलेला मी
इथे म्हणालो,
साठ करा ना काकू.

त्या काही बोलल्या नाहीत.
जीन्स उलटी केली, आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला,
मी बोअरमधून बोट फिरवतो तसाच,
नजर भलतीकडे ठेवून.
"शिलाई चांगलीय," म्हणाल्या.
मग मोठ्या खिशाच्या तोंडाशी असतो ना
तो चिमुकला खिसा,
त्याच्यापाशी थांबल्या.

"हडपसरला युनिटात होते चार वर्षं.
हाच लावायचे. फक्त हाच.
नगाला साठ पैसे, दिवसाला पाचशे नग.
अख्खी पँट होताना कधी बघितली नाही,
ती पुढच्या हॉलमध्ये व्हायची.
कशाला असतो हो हा?"

नऊ हजार देऊन मला माहीत नव्हतं.
नाण्याला असेल, म्हटलं.
"बोट तरी जातं का त्यात धड?"
आणि दातानं दोरा तोडला.

ऐंशी दिले.
कापलेली दोन्ही वेटोळी मागून घेतली,
काकूंनी विचारलं नाही कशाला,
बरं झालं.
एकाची चौघडी करून
वैजू हल्ली कुकर उतरवते
पाचशे नऊ रुपयांनी.
छान जाड आहे, म्हणते, हाताला चटका लागत नाही.
मी ताटाकडे बघतो.

जीन्स अजून कडक आहे.
बसताना गुडघ्यापाशी पुठ्ठ्यासारखी मोडते,
बाइकच्या सीटला निळं लागलंय,
आणि शॉपमध्ये तर वरून एप्रनच असतो.
फक्त कांबळ्यानं एकदा विचारलं,
नवीन का? मी म्हटलं, हो.
तो म्हणाला, डीमार्ट?

पैसे वसूल झाले का
हे मला मोजता आलेलं नाही.
त्याला गेज नाही आमच्याकडे.

परवा त्या बारक्या खिशात
एक रुपया टाकून बघितला.
गेला.
निघत नाहीये.