दोन ते आठ

नवतप्याचा तिसरा दिवस, पारा सेहेचाळीसवर,
आणि सोनेगावच्या धावपट्टीवर उतरलं
एक विमान, ज्याला इथं यायचंच नव्हतं.
पुढच्या कुठल्याशा देशानं रात्रीतून आकाश बंद केलेलं.
आकाशालाही शटर असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्या शहराला देशाचा मध्य म्हणतात,
म्हणून इकडेतिकडे अडलेलं सगळं
आमच्याच अंगणात येऊन बसतं.

पोटात एकशे बारा खोकी. कॉलऱ्याची लस.
कुठल्या छावणीसाठी, ते कागदावर होतं,
पण त्या नावावर कुणीतरी जाड काळी पट्टी ओढलेली.
"सुरक्षेचा प्रश्न आहे," तुरकर मॅडम म्हणाल्या,
कस्टमचा शिक्का हातात धरून, न मारता.

मी फ्रीज दुरुस्त करणारा. कंत्राटी, अकरा महिन्यांचा.
मला एवढंच ठाऊक : दोन ते आठ.
दोनच्या खाली लस गोठून मरते,
आठच्या वर उकडून,
आणि मेली तरी दिसते अगदी तशीच.

दिल्लीहून फोन. दिल्लीला आणखी कुठून तरी फोन.
लांबच्या एका थंड शहरात, म्हणे, ठरत होतं
की या खोक्यांना मदत म्हणायचं की रसद.
मदत असेल तर एका खिडकीतून जाते,
रसद असेल तर दुसऱ्या, आणि ती बंद.
आमच्या शीतगृहाचा कॉम्प्रेसर तोवर
दर वीस मिनिटांनी धाप टाकत होता.
सव्वाचारला थांबला.

"पराते, आकडा सांग."
"सहा पॉइंट चार."
"पराते?"
"सात."

मग मी जरीपटक्याला गेलो, लालवानींकडे.
कोणाचं युद्ध, कोणती छावणी, त्यांनी विचारलं नाही.
फ्रीजरमधल्या कुल्फ्या बाहेर काढल्या,
माझे आइसपॅक आत रचले, आणि म्हणाले,
"घेऊन जा ह्या, खाऊन टाका सगळे. नाहीतर पाणीच होऊन राहिलं."
त्या रात्री कार्गोच्या ओट्यावर
परदेशी वैमानिक, हमाल, बंदूकवाले जवान
एका रांगेत बसून कुल्फी चाटत होते.
परिषद म्हणतात ती हीच असावी,
मला क्षणभर वाटून गेलं.

बर्फ लगेच लावायचा नसतो.
पॅक कानाशी धरून हलवायचा,
आत पाणी वाजलं, की मगच.
मी रात्रभर एकेक बर्फ ऐकत बसलो.
उशिरा कधीतरी मॅडमही शिक्का खाली ठेवून
शेजारी येऊन बसल्या.
"हा वाजला," म्हणायच्या. "हा अजून मुका आहे."

बाटलीवर एक बारीक वर्तुळ असतं,
वर्तुळात एक फिकट चौकोन.
उष्णता साठत जाते तसा चौकोन गडद होतो,
वर्तुळाच्या रंगाला भिडला, की बाटली फेकायची.
त्याला कोणाची सही लागत नाही.
तो फोन उचलत नाही.

तिसऱ्या दिवशी परवानगी आली.
कोणती खिडकी उघडली, कोणी सांगितलं नाही.
विमान मिहानच्या बाजूनं वर चढलं
आणि उन्हाच्या झळांत वितळल्यासारखं दिसेनासं झालं.

नऊ खोकी मागे राहिली.
मी एकेक बाटली उजेडात धरून बघितली,
मग दुसऱ्यांदा बघितली, उगाच.
पाच हजार चारशे मात्रा.
पंचनाम्यात एक रकाना होता : बाधित ठिकाण.
मी मूळ कागद काढला, खिडकीच्या काचेवर उलटा दाबला,
पट्टीखालचं एखादं अक्षर तरी दिसेल म्हणून.
एक काना दिसल्यासारखा वाटला.
कदाचित शाईचाच ओघळ असेल.

"राहू दे, पराते," मॅडम म्हणाल्या.
"लागू नाही, असं लिही."

कॉम्प्रेसर एव्हाना सुरू झाला होता.
आत काहीच नव्हतं, रिकामी फळी न् फळी,
आणि दारावरचा आकडा दाखवत होता
पाच. अगदी बरोबर पाच.